‘रेसिंग’ व्हॉल्व्ह स्प्रिंग घेताना कुठे फसवतात

टर्बो गाडीचं बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब) वाढवायला काढलं की इंजिनाचे व्हॉल्व्ह मिटून धरणाऱ्या स्प्रिंगांचा ‘अपग्रेड’ सेट गळ्यात मारणारे हमखास भेटतात. निळा रंग मारलेल्या १६ स्प्रिंगा, चकचकीत खोका आणि आत चिठ्ठी: ‘सीट प्रेशर ४० किलो’, म्हणजे मिटलेला व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर (सीटवर) दाबून धरणारा जोर. खोट असते ती या चिठ्ठीत. ४० किलो भरतातही, पण किती उंचीवर मोजले ते लिहिलेलं नसतं.

समजा, स्प्रिंगचा रेट मिलिमीटरला ४ किलो आहे, म्हणजे दर मिलिमीटर दाबल्यावर जोर ४ किलोने वाढतो, आणि विकणाऱ्याने ती ३३ मिमीपर्यंत दाबून ४० दाखवले. तुमच्या इंजिनाच्या हेडमध्ये (व्हॉल्व्ह असतात त्या वरच्या भागात) ती बसते ३६ मिमीवर. म्हणजे १२ किलो तिथेच गेले, राहिले २८. हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हचं डोकं ३४ मिमीचं असेल तर क्षेत्रफळ साधारण ९ चौरस सेंटिमीटर. दीड बार बूस्ट त्याला मागून जवळजवळ १४ किलोने ढकलतं. व्हॉल्व्ह सीटवर धरून ठेवायला उरले १४. एक्झॉस्टकडे टर्बाइनच्या अलीकडचा दाब बूस्टपेक्षाही जास्त असू शकतो, हे तर कोणी सांगतच नाही.

मग वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, गाडी फडफडते आणि दोष प्लग, कॉइल, ट्यूनिंग यांच्यावर जातो. ते सगळं बदलून होईपर्यंत स्प्रिंगकडे कोणाचं लक्ष जात नाही.

तक्रार केलीच तर उत्तर ठरलेलं: ‘खाली ३ मिमी शिम (चकती) टाका.’ हे पहिल्या थापेपेक्षा वाईट. उंची ३३ होते, ४० किलो मिळतात. पण कॅमची लिफ्ट (कॅम व्हॉल्व्ह जितका ढकलून उघडतो ते अंतर) ९.५ मिमी असेल तर स्प्रिंगला २३.५ पर्यंत दबावं लागेल. तिचे वेढे २४ मिमीलाच एकमेकांना टेकत असतील, तर पूर्ण लिफ्टच्या आधीच ती लोखंडाचा ठोकळा होते आणि रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी), कॅम, फॉलोअर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा भाग) यांपैकी काहीतरी मोडतं. पूर्ण लिफ्टला किमान १ मिमी मोकळीक हवीच.

‘जितकी कडक तितकी चांगली’ हेही विकायचं बोलणं आहे. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅमचा लोब (उंचवटा) झिजवते.

पैसे देण्याआधी चार आकडे लेखी मागा: बसवण्याची उंची, त्या उंचीवरचा जोर, पूर्ण लिफ्टवरचा जोर आणि वेढे टेकण्याची उंची. सोबत आतला-बाहेरचा व्यास. रिटेनरवर सैल बसणारी स्प्रिंग सरकत राहते.

माल आल्यावर टेस्टर नसेल तर उभ्या ड्रिल मशीनखाली माणसांचा वजनकाटा ठेवा, त्यावर जाड सपाट प्लेट, मधोमध स्प्रिंग. मशीन चालू न करता, चकचे (ड्रिल पकडणारे) जबडे मिटवून आणखी एका प्लेटने दाबा, डोळ्यांवर चष्मा हवाच. उंची व्हर्निअरने दोन प्लेटांमध्येच घ्या, मशीनच्या पट्टीवर नको, कारण काटा स्वतःही दबतो. आकडा गोठवून ठेवणारा डिजिटल काटा इथे कामाचा नाही. स्प्रिंग पाच-सहा वेळा पूर्ण लिफ्टच्या उंचीपर्यंत दाबून परत मोजा. जोर उतरत गेला तर पोलाद हलक्या प्रतीचं आहे.

सगळ्या १६ मोजा. दोन-तीनच मऊ निघाल्या तर सेट जुळवाजुळवीचा आहे. टोकांच्या घासलेल्या सपाट बाजूवर चकाकणारी गोल कडा आणि रंगाखाली ओरखडे दिसले, तर स्प्रिंगा आधी कुठल्यातरी हेडमध्ये चाललेल्या आहेत. ‘टायटॅनियम’ म्हणून दिलेल्या रिटेनरला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ते साधं पोलाद.

मोजमाप काट्यासह व्हिडिओत घ्या, तेही हेड खोलण्याआधी. एकदा कॉटर (रिटेनर व्हॉल्व्हला अडकवणाऱ्या छोट्या पाचरी) बसले की ‘वापरलेला माल परत घेत नाही’ एवढंच ऐकायला मिळतं.