कुपवाडचं तीन दिवसांचं ल्युब्रिकेशन ट्रेनिंग: ऑइलमनला पाठवा, साहेबाला नको

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड कुठं कापला ते पुढं येईलच. संस्थेचं नाव टाकत नाही कारण बरंवाईट दोन्ही लिहायचंय आणि सांगली काय एवढी मोठी नाही, उद्या विश्रामबागला चहाच्या गाड्यावर समोरासमोर गाठ पडायची.

मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मिल साइडला, १९ सीझन झाले. ऑफ सीझनमध्ये साहेबांनी सांगितलं कुपवाड एमआयडीसीत ल्युब्रिकेशनचं ट्रेनिंग आहे, माणशी साडेआठ हजार अधिक जीएसटी, दोन नावं दे. मी एक माझं दिलं आणि एक मामांचं. मामा म्हणजे आमचे ऑइलमन, अख्खा कारखाना मामाच म्हणतो, दहावी नापास, पण बेअरिंगच्या हाउसिंगला स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावतात आणि सांगतात हे आठ दिवस काढंल का नाही. साहेब म्हणाले अरे मामांना काय कळणार त्यातलं, डिप्लोमावाला एखादा पोरगा पाठव. मी हट्ट धरला. पोरगा वर्षभरात नोकरी सोडून पुण्याला जातो हो, ग्रीस गन शेवटी मामांच्याच हातात असते.

पहिला दिवस सकाळचा निव्वळ इंग्लिश. सर शिकलेले, अनुभवी, पण स्लाइडवर स्लाइड. ट्रायबॉलॉजी, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगणाचं शास्त्र, हा शब्द १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्टच्या कमिटीच्या रिपोर्टनं रूढ केला, ग्रीकमध्ये घासणं म्हणजे ट्रायबॉस त्यावरनं आलाय, आणि नीट वंगण केलं तर त्यांच्या देशाचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील असा हिशोब त्या रिपोर्टात होता, हे सगळं ऐकायला छान, पण मामा माझ्याकडं बघतायत आणि मी घड्याळाकडं. शेवटी चहाच्या सुट्टीत माधवनगरकडच्या कुठल्यातरी कारखान्यातल्या एका फिटरनं सरळ सांगितलं, सर मराठीत बोला की, इथं सगळे आपलेच आहेत. आणि तिथनं जी गाडी सुटली ना राव. तोच माणूस, तोच विषय, पण आता बोलणं आमच्या दुकानातलं.

आमच्या मिलचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरेच फिरतात. मी विचारलं मोटरच्या बेअरिंगला पातळ तेल चालतं मग मिलच्या गनमेटल (तांब्याचा मिश्रधातू) बेअरिंगला एवढं जाड का लागतं, लोड जास्त म्हणून का. सर म्हणाले लोड तर आहेच, पण लहानपणी कृष्णेच्या पाण्यावर चपटे दगड मारून भाकऱ्या काढल्या असतील ना, दगड जोरात गेला तर पाण्यावरनं टप्पे घेत जातो, हळू टाकला तर बुडतो. शाफ्टचं तेच. स्पीड असला की शाफ्ट स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या थरावर उचलला जातो, स्पीड नसला तर थर बनत नाही, धातू धातूला टेकतो, म्हणून तिथं जाड तेल आणि त्यात मिसळलेली रसायनं, म्हणजे ॲडिटिव्ह, कामाला येतात. १९ सीझनमध्ये मला हे एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

नंबरांचा घोळ पण तिथंच सुटला. आपल्याकडं स्टोअरमध्ये कायम भांडण, गाडीचं नव्वद नंबर जाड की इंडस्ट्रियल २२०. उत्तर असं की ती दोन वेगळी मापं आहेत, एक एसएई, गाड्यांच्या तेलाचं, आणि दुसरं आयएसओ व्हीजी, कारखान्यातल्या तेलाचं, नव्वद नंबरचं गियर ऑइल आयएसओच्या १५० ते २२० च्या आसपासच बसतं. आणि व्हीजीचा आकडा म्हणजे ४० डिग्रीला तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे जाडपणा, दहा टक्के इकडंतिकडं चालते, म्हणजे डब्यावर ६८ असलं तर आत ६१.२ पासून ७४.८ पर्यंत काहीही असू शकतं आणि ते बरोबरच धरतात. मामांनी लगेच विचारलं मग रंगावरनं काय कळतं. सर म्हणाले तेल कुठलं आहे ते रंगावरनं काहीच कळत नाही. मामा गप झाले, कारण आम्ही इतकी वर्षं लाल ते हे आणि पिवळं ते ते असंच चालवलंय.

पण सगळ्यात भारी म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचं ग्रीसचं प्रॅक्टिकल. सरांनी मामांना पुढं बोलावलं, विचारलं ६३१२ नंबरच्या बेअरिंगच्या मोटरला ग्रीस किती मारता. मामा म्हणाले बाहेर येईपर्यंत. सगळे हसले, सर हसले नाहीत. फळ्यावर लिहिलं, बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५, उत्तर ग्रॅममध्ये. ६३१२ चा बाहेरचा व्यास १३० मिमी, रुंदी ३१, म्हणजे २० ग्रॅम. मग एक वजनकाटा काढला, सोनाराकडं असतो तसला छोटा, आणि मामांनाच गनचे दहा स्ट्रोक कागदावर मारायला लावले. तेरा ग्रॅम भरलं. म्हणजे स्ट्रोकला १.३, म्हणजे त्या मोटरला पंधरा स्ट्रोक बास. आणि प्रत्येक गनचं हे वेगळं असतं, आपापली गन आपण मोजायची. मामा हळूच मला म्हणाले, मी चाळीस तरी मारतो रे.

जादा ग्रीस मारलं तर काय होतं हे पण नीट सांगितलं. बेअरिंग ते ग्रीस घुसळत बसतं, घुसळलं की तापतं, तापलं की आपण म्हणतो ग्रीस कमी पडलं वाटतं आणि अजून मारतो. सील फाटतं, मोटर असली तर ग्रीस आत वाइंडिंगवर जातं. आमच्या मागच्या सीझनला तीन मोटरी रिवाइंडिंगला गेल्या, उघडल्या तर आत काळं लोणी, आणि आम्ही शिव्या दिल्या रिवाइंडिंगवाल्याला. त्या बिचाऱ्याची इथं जाहीर माफी.

ग्रीस मिसळायचं नाही हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, का ते माहीत नसतं. ग्रीसच्या जाती वेगवेगळ्या असतात, लिथियम कॉम्प्लेक्स आणि पॉलियुरिया किंवा क्लेवालं ग्रीस एका वाटीत कालवून दाखवलं, सकाळी कालवलं आणि दुपारी बघितलं तर ताकासारखं पातळ. डोळ्यानं बघितलेलं माणूस विसरत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मात्र अर्धा स्टार कापला. एका तेल कंपनीचा माणूस आला, टाय लावून, आणि पावणेदोन तास त्याचं दुकान. त्याचं तेल घेतलं तर वीज वाचते, त्याचं तेल घेतलं तर गियरबॉक्स म्हातारा होत नाही. अहो आम्ही साडेआठ हजार भरलेत, जाहिरात फुकट बघायला मिळते टीव्हीवर. शेवटी आम्हाला एक एक टोपी दिली. मामांनी घेतली नाही, म्हणाले उसाच्या फडात पण नको असली.

तिसऱ्या दिवशी तेल तपासणी. आधीच फोन करून सांगितलेलं की आपल्या मशिनचं सॅम्पल आणा. मी मिलच्या गियरबॉक्सचं नेलेलं, पाण्याच्या बिसलरीच्या बाटलीत, त्यावरनं पहिलं बोलणं खाल्लं कारण बाटली स्वच्छ नसली तर आपण बाटलीतली घाणच तपासतो. आणि सॅम्पल तळाच्या ड्रेन प्लगमधनं पण घ्यायचं नाही, मशिन चालू असताना मधल्या थरातनं घ्यायचं. असो. हॉट प्लेट १६० डिग्रीच्या आसपास तापवली आणि एकेकाच्या तेलाचा थेंब टाकला. बाकीच्यांचे थेंब शांत पसरले, आमचा पडला आणि मोहरीची फोडणी टाकल्यासारखा तडतडला. अख्खा हॉल बघतोय. पाणी. चांगलंच पाणी. हजार पीपीएम म्हणजे ०.१ टक्के पाण्यानं सुद्धा बेअरिंगचं आयुष्य निम्म्याच्या खाली येऊ शकतं म्हणे, आणि आमचं तर तडतडण्याच्या पुढं उड्या मारत होतं. पाणी नेमकं किती हा आकडा पाहिजे असला तर कार्ल फिशर नावाची टेस्ट करावी लागते, ती लॅबमध्ये, पण पाणी आहे का नाही एवढं कळायला शेगडी आणि थेंब पुरतो.

आलं कुठनं ते परत येताना गाडीत मामांनीच शोधलं. आम्ही रोज मिल हाउस होज पाइपनं धुतो आणि त्या गियरबॉक्सच्या ब्रीदरचं, म्हणजे हवा जायच्या-यायच्या भोकाचं, टोपण दोन सीझन झाले गायब आहे. दुसरं म्हणजे ड्रम. आमचे २१० लिटरचे ड्रम आवारात उभे, पावसात. दिवसा ऊन लागून आतली हवा फुगते, रात्री आकसते आणि टोपणाच्या खाचेत साचलेलं पाणी आत ओढून घेते, बूच घट्ट असलं तरी. उपाय फुकट आहे, ड्रम आडवे टाका, दोन्ही बुचं घड्याळाच्या तीन आणि नऊला येतील अशी, म्हणजे बूच आतनं तेलात बुडलेलं राहतं. एवढं साधं, आणि कधी कुणी सांगितलं नाही.

इथं मला माझ्या मेव्हण्याची आठवण झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं तेव्हा त्याचं वर्कशॉप चार-पाच दिवस पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर त्यानं लेथचं तेल काढून नवीन भरलं आणि मशिन चालू केलं, सहा महिन्यात हेडस्टॉकची बेअरिंगं गेली. सरांना विचारलं तर म्हणाले नुसतं तेल काढून भागत नाही, खाचाखोचांत पाणी आणि गाळ राहतोच, उघडून धुवायला पाहिजे, फ्लशिंग, म्हणजे तेल फिरवून आतली घाण बाहेर काढणं, करायला पाहिजे, आणि ज्या बेअरिंगला गंज चढला ते बदलायलाच पाहिजे. मेव्हण्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला आता सांगतोय होय.

तिसऱ्या दिवसाची दुपार म्हणजे नुसती पळापळ. लॅब रिपोर्ट कसा वाचायचा हा खरा कामाचा भाग, लोखंड वाढलं तर गियर झिजतंय, तांबं वाढलं तर गनमेटल जातंय, सिलिकॉन वाढलं तर बाहेरची धूळ शिरतीय, आणि तेल किती स्वच्छ ते सांगणारा आयएसओ ४४०६ चा कोड, १८/१६/१३ असा लिहितात, त्यात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती ते असतं, एक आकडा वाढला की कण दुप्पट. नवीन सीलबंद ड्रम म्हणजे स्वच्छ तेल असं नसतं हे त्यातनंच कळलं. पण हे सगळं दीड तासात उरकलं, कारण आदल्या दिवशीची दुपार टायवाल्यानं खाल्लेली. आमच्या हातात एक खरा रिपोर्ट देऊन वाचायला लावलं असतं तर पैसे वसूल झाले असते.

आता सर्टिफिकेट. यावर पाऊण स्टार कापला. जाहिरातीत इंटरनॅशनल सर्टिफाइड असं मोठ्या अक्षरात, मिळालं ते हजेरीचं. खरं इंटरनॅशनल म्हणजे आयसीएमएल या मशिन वंगणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची परीक्षा, ती वेगळी, वेगळे पैसे, पहिल्या लेव्हलला शंभर प्रश्न, तीन तास, सत्तर टक्के पाहिजेत. हे ट्रेनिंग त्याच्या तयारीला उपयोगी आहे एवढंच. विचारल्यावर ऑफिसमधल्या मॅडमनी खरं सांगितलं, पण जाहिरातीतच सांगा की. परगावची पोरं प्रमोशनच्या आशेनं पदरचे पैसे भरून आलेली, त्यांची तोंडं बघवत नव्हती.

उरलेला पाव स्टार पुस्तकाचा. दीडशे पानं, सगळं इंग्लिश, शिकवणं मराठीत. मी मामांसाठी त्यातलं ग्रीसचं एक पान मराठीत लिहून काढलं आणि लॅमिनेशन करून मिल हाउसमध्ये लावलं. संस्थेला पण व्हॉट्सॲपवर पाठवलं, वापरा म्हटलं. निळी टिक आली, उत्तर नाही.

जेवण चांगलं, पहिल्या दिवशी चहाबरोबर भडंग होतं, बाकी दोन दिवस बिस्किट. पार्किंग भरपूर. एसी हॉलच्या मागच्या बाजूला लागत नाही, पुढं बसा.

आल्यावर काय केलं तर ड्रम आडवे टाकले, ब्रीदरला नवीन टोपण बसवलं, वजनकाट्याची खरेदी स्टोअरमधनं मंजूर होईना म्हणून मामांनी स्वतः आणला. प्रत्येक मोटरवर ऑइल पेंटनं स्ट्रोकचा आकडा लिहिलाय, पंधरा, नऊ, बावीस असा. जुन्या तेलाचं पण कान पिळून सांगितलेलं की ते २०१६ च्या नियमांनी हॅझर्डस वेस्टमध्ये येतं, परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं, रस्त्यावरच्या धुळीवर ओतायचं नाही आणि दाराला लावायला कुणाला कॅन भरून पण द्यायचा नाही. यावरनं गावात चार लोक नाराज आहेत माझ्यावर.

कुणी जाणार असेल तर फोनवर आधी विचारा तेल कंपनीवाला येणार आहे का, सॅम्पलची बाटली मेडिकलमधनं नवी कोरी घ्या, स्वतःची ग्रीस गन बरोबर न्या. आणि साखरवाले असाल तर बॅच दिवाळीच्या आधीची बघा, एकदा मोळी पडून गाळप सुरू झालं की तीन दिवस कोण सोडतंय.