हॉलो नाइट : ११२ टक्के झाले तरी गेम बाकीच

मी नाशिकला आठवी ते दहावीला गणित शिकवते. टक्केवारी कानावर आली की पहिला प्रश्न तोंडात येतो, 'कितीपैकी?' हॉलो नाइट या गेममध्ये त्याचं उत्तर '१०० पैकी ११२' असं आहे. आणि गंमत म्हणजे ११२ मिळवणाऱ्याचाही गेम संपलेला नसतो. म्हणून 'हा गेम पूर्ण करायला किती अवघड आहे?' असं कुणी विचारलं तर मी एक आकडा देत नाही, दोन देते. ११२ टक्क्यांसाठी दहापैकी साडेसहा. ६३ पैकी ६३ अचीव्हमेंट्ससाठी, म्हणजे ठराविक कामगिरीबद्दल गेम देतो त्या बिल्ल्यांसाठी, साडेनऊ.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरी या मूठभर माणसांच्या चमूने केलेला हा गेम २०१७ च्या फेब्रुवारीत पीसीवर आला. हॅलोनेस्ट नावाचं किड्यांचं जमिनीखालचं उजाड राज्य, त्यात हातात खिळ्यासारखी तलवार घेतलेला एक छोटा मुका योद्धा, म्हणजे आपण. हाताने काढलेली चित्रं, क्रिस्टोफर लार्किनचं संगीत. मूळ गेम १०० टक्क्यांचाच होता. पुढच्या दीड वर्षात चार पुरवण्या फुकट आल्या आणि त्यांचे १२ टक्के वर चढले. एक पैसा जास्त न घेता एवढं देणारे लोक आता शोधून सापडत नाहीत, त्यामुळे ११२ या आकड्याला मी नाक मुरडत नाही.

पण गुणपत्रिका दाखवायची यांची पद्धत मला अजिबात पटलेली नाही. गेमचा शेवट एकदा गाठेपर्यंत टक्केवारी दिसतच नाही. दिसायला लागली की नुसता आकडा दिसतो, उणं कुठे आहे ते कळत नाही. समजा १०७ वर अडकलात. ते पाच टक्के चार्मचे (वेगवेगळी ताकद देणाऱ्या ताइतांचे) आहेत, मास्कच्या (जीव मोजायच्या मुखवट्यांच्या) तुकड्यांचे की एखाद्या बॉसचे (मोठ्या शत्रूचे), ते तुमचं तुम्ही शोधा. हिशेब तसा सरळ आहे. चाळीस चार्मचे चाळीस टक्के, म्हणजे एकतृतीयांशाहून जास्त वजन तिथेच. मास्कचे सोळा तुकडे असतात, चार तुकड्यांचा एक मास्क आणि मास्कला एक टक्का. याचा अर्थ, पंधरा तुकडे शोधून सोळावा सुटला तर अख्खा टक्का गेला. अर्धे गुण नाहीत. माझ्या भाच्याने, ओंकारने, सगळं एका वहीत लिहून काढलं होतं. ती वही हातात आली नसती तर मी मधेच सोडून दिलं असतं.

आता साडेसहा का, ते सांगते. ११२ मधला बराचसा भाग चिकाटीचा आहे. फिरा, भिंती ठोकून बघा, पैसे साठवा, सुरवंट सोडवा. सुरवंट ४६ आहेत आणि टॉवर ऑफ लव्हमध्ये त्यांचा नकाशा मिळतो, त्यामुळे ते काम जीव खात नाही. खरं घाम काढणारं त्यात मोजकंच आहे, आणि त्यातली माझी आवडती गोष्ट म्हणजे फूल.

रेस्टिंग ग्राउंड्समध्ये एक शोकमग्न बाई भेटते. ती तुमच्या हाती एक नाजूक फूल देते आणि क्वीन्स गार्डन्समधल्या एका थडग्यावर वाहून यायला सांगते. नकाशात ही जागा जवळजवळ दुसऱ्या टोकाला आहे. वाटेत एकदा जरी कुणाचा फटका बसला की फूल गेलं. स्टॅग या सवारीच्या किड्याच्या पाठीवर बसून प्रवास केलात, गेलं. ड्रीमगेटने, म्हणजे दुसऱ्या जागी एका झटक्यात नेणाऱ्या दाराने, उडी मारलीत, गेलं. परत त्या बाईकडे जा, दुसरं घ्या. बदल्यात काय, तर मास्कचा एक तुकडा. पण इथे डोकं चालवलं तर काम निम्म्यावर येतं. मेलेले शत्रू बहुतेक वेळा तुम्ही बाकावर बसून विश्रांती घेतल्यावरच परत उभे राहतात. म्हणून आधी रिकाम्या हाताने पूर्ण वाट झाडून घ्यायची, एकही बाक न वापरता मागे यायचं आणि मग फूल घेऊन निघायचं. रिकाम्या झालेल्या बागेतून चालताना तोच रस्ता वेगळाच वाटतो. काटे मात्र असतातच, आणि घाई करणाऱ्याचं फूल शेवटच्या दोन खोल्यांतच जातं. गेममधलं हे एकच काम मी तलवारीच्या जोरावर केलं नाही, आधी बसून आखलं, आणि त्याला मी अवघडपणात पाच देते. मजेला नऊ.

कोलोसिअम या लढतीच्या आखाड्यातली तिसरी परीक्षा, ट्रायल ऑफ द फूल (हे फूल इंग्रजीतलं, म्हणजे मूर्ख), ही साडेसातची. लाटांमागून लाटा, मधेच पायाखालची जमीन जाऊन काटे येतात आणि भिंतींना धरून उडणाऱ्यांशी लढावं लागतं. ती मला रटाळ वाटली. तेच ते. एकदा झाली, परत त्या दाराकडे बघितलं नाही.

व्हाइट पॅलेसबद्दल जरा जास्त सांगावं लागेल. हा सगळा उड्यांचा महाल आहे. फिरत्या करवती, काटे, सरकत्या फळ्या. एका चार्मचा अर्धा भाग इथे मिळतो, म्हणजे ११२ साठी इथे यावंच लागतं. जाताना हाइव्हब्लड चार्म घालून जा. नुकताच गेलेला मास्क तो थोड्या वेळाने आपोआप भरून देतो. चूक झाली की एका कोपऱ्यात उभं राहायचं, चहाचा घोट घ्यायचा, पुढे निघायचं. अशाने कुणीही पार होतं.

याच महालात एका फोडता येणाऱ्या भिंतीमागे पाथ ऑफ पेन आहे. नावावरूनच कळावं. आधीच्या महालात जे केलंत तेच, पण अंतर कमी, करवती जास्त आणि चुकीला जागा जवळपास नाही. करवतीवर तलवारीचा फटका मारून त्याच झोक्यात वर उसळायचं, उतरायच्या आत डॅश (झटक्यात आडवी झेप), लगेच भिंत पकडायची, लगेच सोडायची, अशी साखळी खोलीभर. गेममधल्या नुसत्या उड्यांच्या कामात हे सगळ्यात कठीण. आणि यासाठी टक्के किती? शून्य. अचीव्हमेंट? नाही. शेवटी एक छोटासा प्रसंग दिसतो आणि शत्रूंची माहिती ठेवणाऱ्या हंटरच्या वहीत एक नोंद वाढते. बस्स. ओंकार म्हणाला, "मावशी, गुणच नाहीत तर करतेस कशाला?" शिक्षिकेच्या भाच्याच्या तोंडी हा प्रश्न! म्हटलं, "तू तुझं दहावीचं बघ."

याचमुळे मी म्हणते की गेम पूर्ण होण्याचा आकडा आणि गेमचा अवघडपणा यांचा मेळ लावायला जाऊ नये. दुसरं टोक बघायचं असेल तर घोस्ट ऑफ त्सुशिमा या दुसऱ्या गेमचा प्लॅटिनम, म्हणजे सगळ्या ट्रॉफी मिळवल्याचा मान, घ्या. तोही मी केला आहे. अवघड पातळीवर खेळायची सक्ती नाही, प्रवाशाचा पोशाख घातला की जवळच्या वस्तूपाशी कंट्रोलर थरथरायला लागतो, आणि उरतं ते नकाशाभर घोडा फिरवणं. सुंदर गेम, पण प्लॅटिनमला दहापैकी तीन. वेळ द्या आणि घ्या.

हॉलो नाइटमध्ये ११२ झाल्यावर अचीव्हमेंट्सची यादी उघडली की डाव कळतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या एकाच खेळात सगळं होणारच नाही अशी व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. झोटे नावाच्या बढाईखोराला सुरुवातीला मरू दिलंत तर एक अचीव्हमेंट, आणि वाचवून पुढे कोलोसिअममध्ये त्याला हरवलंत तर दुसरी. ग्रिम या गूढ म्होरक्याच्या फिरत्या मंडळीचं कार्य तडीस नेलंत तर एक, हाकलून दिलंत तर दुसरी. पाच तासांच्या आत शेवट, वीस तासांच्या आत १०० टक्के. आणि मग स्टील सोल, ज्यात एकदा मेलात की अख्खी सेव्ह फाइल संपली.

स्टील सोलचं नाव ऐकून बरेच जण घाबरतात. मला ते तितकं भयंकर वाटलं नाही, कारण तिथे मागितलेत १०० टक्के, ११२ नव्हे. म्हणजे १२ टक्के सरळ ऑप्शनला टाकता येतात. ट्रायल ऑफ द फूल टाका. गॉडहोमचे, म्हणजे बॉसशी लढायच्या वेगळ्या जागेचे, पाच टक्के टाका. त्या बाईचं नाजूक फूलही टाका हवं तर. शिवाय स्वप्नातलं मरण इथे मरण धरत नाहीत, त्यामुळे व्हाइट पॅलेसची आणि स्वप्नातल्या बॉसची धास्ती नको. खरी भीती साध्या जागांची असते, जिथे आपण निर्धास्त चालतो. वीस तासांची अट आणि स्टील सोल एकाच खेळात बसवणारे लोक आहेत. मी दोन्ही वेगळं केलं. घाईत मरण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. स्टील सोलला सात, पाच तासांच्या शर्यतीला पाच. रस्ता पाठ असला की शर्यत म्हणजे नुसता सराव.

आता ज्याच्यामुळे साडेनऊ झाले ते. पँथिअन ऑफ हॅलोनेस्ट.

गॉडहोममध्ये पाच पँथिअन, म्हणजे सलग बॉसच्या मालिका, आहेत. पहिले चार ११२ मध्ये धरलेले आहेत आणि चौथ्याच्या टोकाला प्युअर व्हेसल हा बॉस उभा असतो, तोच पुरेसा घाम काढतो. पाचवा टक्केवारीत नाही, पण त्याची अचीव्हमेंट आहे. त्यात ४२ बॉस, एकामागून एक. मधे एखाददुसऱ्या खोलीत बाक येतो, त्यावर बसून मास्क भरून घेता येतात, चार्म बदलता येतात. सेव्ह मात्र कुठेच नाही. एकेचाळीस मारून बेचाळिसाव्याकडून मेलात तर परत पहिल्यापासून.

ही बेचाळिसावी म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट रेडियन्स. तिचा प्रत्येक फटका दोन मास्क घेतो. पूर्ण मास्क नऊ. म्हणजे चार चुका माफ, पाचवीला मरण, मधे जीव भरून घेतला नाहीत तर. अर्धी जमीन काट्यांनी भरते आणि कुठली अर्धी ते क्षणभर आधीच कळतं. प्रकाशाचे गोळे माग काढत येतात. आकाशातून तलवारींच्या रांगा उतरतात आणि त्यांच्या फटीत उभं राहायचं. मग जमीनच जाते, तुटक फळ्या उरतात. शेवटी किरण चुकवत वर चढायचं. हे सगळं पाऊण तास लढून आंबलेल्या बोटांनी.

मला यातला अवघडपणा अन्यायाचा वाटत नाही. हॉल ऑफ गॉड्समध्ये बॉसच्या पुतळ्यांसमोर हवा तितका सराव करता येतो. ज्याच्याकडून मास्क जातात त्याच्याकडेच शाळा सुटल्यावर रोज थोडा वेळ बसायचं, बाकीच्यांना हातही लावायचा नाही. मार्कोथ हा बॉस माझी दुखरी नस होता. पण एकेक धडा पाठ असणं आणि बेचाळीस धडे सलग न चुकता म्हणणं यात फरक आहे, आणि तो फरक कौशल्यापेक्षा दमाचा आहे. तिथेच माझी तक्रार आहे. सुरुवातीचे दहा-बारा बॉस एव्हाना झोपेतही मारता येतात. दर वेळी ते परत मारायला लावण्यात कसली परीक्षा? वेळ मात्र जातो. चाळिशीतल्या बाईला, जिला सकाळी सातला पहिला तास असतो, तिला तो वेळ परवडत नाही. म्हणून अर्धा गुण कापला. नाहीतर हा दहाच्या दहा.

आणि पावसाळ्यात पँथिअनला बसू नका. आमच्या भागात वारा सुटला की लाइट जाते. ग्रिमला उरकून प्युअर व्हेसलची वाट बघत होते आणि पंखा मंदावायला लागला. स्क्रीन काळी. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "गेली का गं?" गेली म्हटलं. लाइट की सगळी मेहनत, ते त्यांना सांगत बसले नाही. तेव्हापासून पँथिअन फक्त लॅपटॉपवर, बॅटरी पूर्ण भरून.

घ्यावा की नाही? नुसता खेळायला म्हणाल तर डोळे मिटून घ्या, सेलमध्ये बऱ्याचदा अगदी स्वस्तात मिळतो. कंट्रोलर असेल तर उत्तम, कीबोर्डवर पाथ ऑफ पेन करणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार. ११२ चा नाद असेल तर पहिला खेळ यादी न बघता खेळा, शेवट गाठा आणि मगच वही उघडा. आधीच वही उघडली तर हे सुंदर राज्य म्हणजे किराण्याची यादी होऊन बसते. ६३ चा नाद असेल तर पहिल्या खेळात झोटेला वाचवा. वाचवल्यावर तो आभार मानणार नाही, उलट तुम्हालाच चार शब्द सुनावेल, आणि पुढे कधी त्याच्यासमोर बसायची वेळ आली तर त्याचे ५७ उपदेश ऐकून घ्यावे लागतील. मी सगळे ऐकले. आमच्या स्टाफरूममध्ये याहून लांब ऐकलेत.