अँटी-सीसीपी सेन्सर: लेबलविना इंपिडन्स की एचआरपीचा करंट?

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांध्यांच्या आजारात रक्तात सापडणाऱ्या अँटी-सीसीपी अँटीबॉडीसाठी सेन्सर करायला घेतला की हा पेच पहिल्याच आठवड्यात येतो: लेबल न लावता इलेक्ट्रोडवरचा विद्युत अडथळा (इंपिडन्स) मोजायचा, की दुसऱ्या अँटीबॉडीला एचआरपी या एन्झाइमचं लेबल लावून त्याचा करंट? मी गोव्यात ताळगावच्या पठारावर बसून दोन्ही वाटा चालून पाहिल्या.

सुरुवातीला जीव इंपिडन्सवर होता. सोन्यावर या अँटीबॉडीला पकडणारं सिट्रुलिनेटेड पेप्टाइड बसवा, सीरम घाला, आरसीटी (इलेक्ट्रोडवर इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीला होणारा अडथळा) किती वाढला ते बघा. दुसरी अँटीबॉडी नको, एन्झाइमला लागणारं रसायन (सबस्ट्रेट) नको. बफरमध्ये आलेख सुरेख यायचे.

सीरम आलं आणि बिनसलं. निरोगी माणसाच्या सीरममध्येही मिलीलिटरला साधारण 10 मिलिग्रॅम आयजीजी (अँटीबॉडींचा मुख्य प्रकार) असतं, अल्ब्युमिन त्याच्या चौपट. इलेक्ट्रोडवर कोण येऊन बसलं हे आरसीटीला कळत नाही. मोकळी जागा झाकणाऱ्या बीएसए या प्रथिनानं ते थोडं आवरलं. पण मला खरं छळलं ते बेसलाइननं. काहीही न घालता, आरसीटी मोजायला लागणाऱ्या नुसत्या फेरी-फेरोसायनाइडच्या द्रावणात ठेवलेल्या इलेक्ट्रोडचा आकडाही सरकत राहायचा. त्या द्रावणातून सुटणारं सायनाइड सोनं हळूहळू खातं, हे मला फार उशिरा उमगलं. जूनपासून चवथीपर्यंत अख्खा पावसाळा कोऱ्या इलेक्ट्रोडच्या मागे गेला.

हे सरकणं इथे परवडत नाही. या आजाराच्या 2010च्या एसीआर-युलार (अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटना) निकषांत अँटी-सीसीपी कमी पॉझिटिव्ह असेल तर 2 गुण आहेत आणि सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर 3; निदानाला 10 पैकी 6 लागतात. म्हणजे नुसतं हो-नाही सांगून भागत नाही. त्या एका गुणावर कुणाचं तरी औषध लांबू शकतं.

एचआरपी आणि त्याचं सबस्ट्रेट टीएमबी, या वाटेचा त्रास आहेच. धुणी वाढतात, कॉन्जुगेट (एचआरपी जोडलेली अँटीबॉडी) फ्रिजमध्ये जपावं लागतं आणि वादळी पावसात वीज गेली की जीव टांगणीला लागतो. पण नको ते बरंचसं धुऊन जातं, आणि करंट शून्य व्होल्टच्या आसपास घेता येतो, त्यामुळे सीरममधलं युरिक आम्लही मध्ये येत नाही. कार्बन स्ट्रिपवर माझे कोरे आकडे सकाळी आणि संध्याकाळी जवळजवळ सारखे आले, तेव्हाच माझं ठरलं.

रुग्णाच्या सीरममधला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (याच आजारातली आणखी एक अँटीबॉडी) मात्र आयजीजीच्या एफसी भागाला, म्हणजे शेपटीला, चिकटतो. म्हणून एफसी कापून टाकलेली दुसरी अँटीबॉडी घ्या. सीआरपी या दाह दाखवणाऱ्या प्रथिनासाठी सँडविच (दोन अँटीबॉडींच्या मध्ये ते प्रथिन) करणार असाल तर हे विसरूच नका, तिथे तो दोन्ही अँटीबॉडींमध्ये पूल बांधतो.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. तरीही इंपिडन्सकडेच ओढा असेल, तर महागडं पेप्टाइड मागवण्याआधी कोरा सोन्याचा इलेक्ट्रोड त्याच द्रावणात दिवसभर ठेवा आणि दर तासाला आरसीटी लिहून काढा.