दुसऱ्या रांगेतून ऐकलेला व्हेल

मी गवई नाही. गाणाऱ्यांच्या मागे बसून तानपुरा छेडते, वीस वर्षं झाली. खाली जे काही कौतुक आणि कुरकुर आहे ती याच कानांची आहे, हे आधी सांगून टाकते.

गेल्या शनिवारी फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत फ्लूट, चेलो (व्हायोलिनचा मोठा, बसून वाजवायचा भाऊ) आणि पियानो अशा तिघांचा कार्यक्रम ऐकला. पहिला मजला, करकरणारा लाकडी जिना, साठेक खुर्च्यांची खोली. तिकीट ६०० रुपये. ग्रँड पियानोचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पहिली रांग आणि पियानो यांच्यामध्ये एक सतरंजी अंथरता येईल एवढीच जागा. आम्ही दुसऱ्या रांगेत. सोबत भाची होती, ती पंधरा वर्षांची आहे आणि शाळेत फ्लूट शिकते. तिच्याच हट्टाने गेले. नाहीतर आजचं पाश्चात्त्य संगीत म्हटलं की आमच्या गोटात लोकांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा होतो, माझाही व्हायचा.

पहिलं वादन एकट्या फ्लूटचं: तोरू ताकेमित्सु या जपानी संगीतकाराचं १९७१ चं ‘व्हॉइस’. यात वादक फ्लूटमध्ये नुसती फुंकत नाही, बोलते, घोगऱ्या आवाजात ओरडते, पुन्हा सुरावर येते. तिथे कोण आहे, जो कुणी असशील तो बोल, अशा अर्थाच्या कवितेच्या ओळी आहेत, फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीतही. आपल्याकडे बासरीवाला फुंकेचा आवाज होता होईल तो लपवतो. इथे फुंक हाच माल. मोठ्या सभागृहात हे नाटकी वाटलं असतं. इथे तिच्या ओठाला फुटलेला घाम दिसत होता, चाव्या मिटल्याची टकटक ऐकू येत होती, आणि ती ओरडली तेव्हा माझ्या पुढचे गृहस्थ खरोखर दचकले.

मग फिनलंडच्या संगीतकार काइया सारिआहो यांची चेलोवरची सात फुलपाखरं, ‘सेत पापियों’, २००० सालची. छोटे छोटे सात तुकडे. गज घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) इतका जवळ की सुराच्या जागी चरचर यावी, आणि त्या चरचरीतून मधूनच एखादा बारीक, काचेसारखा सूर वर यावा. दोन तुकडे फार आवडले. चौथ्या-पाचव्यात माझं लक्ष सुटलं, खोटं का बोला.

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पेर्त यांच्या ‘श्पीगल इम श्पीगल’वर मात्र जरा थांबते. १९७८ ची रचना, मूळ व्हायोलिन आणि पियानोची, इथे चेलोवर. सिनेमात इतकी वापरली गेली आहे की बऱ्याच जणांनी नाव न कळता ऐकली असेल. पियानो एकेक सूर सुटा करून शांतपणे टाकत राहतो. चेलो एका सुराकडे येतो, थांबतो. पुढच्या वेळी एक सूर जास्त घेऊन येतो, पुन्हा तिथेच थांबतो. आलापात एकेक सूर वाढवत जाण्याची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाश्चात्त्यांच्या ‘एफ’ या सुराला सा धरा, म्हणजे हा परतीचा सूर गंधार.

आणि माझी अडचण तिथेच सुरू झाली. चांगला लागलेला तानपुरा असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी छेडत नाही, तरी असतो. त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो. पियानोचा गंधार त्याच्यापेक्षा चढा, साधारण १४ सेंटनी, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा हिस्सा. हार्मोनियमचंही तेच दुखणं, त्यावर आमच्याकडे भांडणं झाली आहेत. चेलोवाली दर वेळी पियानोच्याच गंधारावर येऊन उभी राहत होती. राहणारच, बिचारीला दुसरा इलाज नाही. पण शेवटाकडे, पियानोचा आवाज विरत आला असताना, तिचं बोट केसभर खाली सरकलं. निदान मला तसं दिसलं. माझाच भ्रम असेल, पण माझ्या मांडीवर शहारा आला तो काही भ्रम नव्हता.

मध्यंतरात कागदी कपातला चहा आणि केक. चहा बरा. मध्यंतरानंतर संयोजकांपैकी एकाने माइक घेतला आणि तब्बल बारा मिनिटं पुढच्या रचनेचा अर्थ सांगितला. अहो, साठ माणसं घामाने भिजून बसली आहेत! वादनात एसीचा आवाज नको म्हणून तो बंद ठेवला होता. ते योग्यच. पण मग भाषणाच्या वेळी तरी लावायचा.

शेवटची रचना, जिच्यासाठी भाची आली होती: अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम यांची ‘व्हॉक्स बालेने’, व्हेलचा आवाज. हीसुद्धा १९७१ ची. हंपबॅक व्हेलच्या गाण्याची ध्वनिफीत ऐकून त्यांना सुचलेली. तिन्ही वादकांनी काळे अर्धे मुखवटे घालायचे आणि मंचावर निळा प्रकाश हवा, ही संगीतकाराचीच सूचना. माणूस दिसू नये, निसर्ग दिसावा असा हेतू. इथे चेलोवालीला चष्मा. मुखवट्यावरून चष्मा बसेना, तिने तो दोनदा लावला, दोनदा घसरला, शेवटी मुखवटाच थोडा वर सरकवला. निसर्ग जरा वेळ थांबला.

पियानोवाला उठून पियानोत वाकला तेव्हा मी अक्षरशः मान लांब केली. माझं माहेर मिरजेचं. सतारमेकरांच्या दुकानात जवारी, म्हणजे तारेचा झणकार, काढताना पाहत वाढले. घोडीवर तारेखाली दोरा सरकवला की मुकी तार बोलायला लागते, ही गंमत मी फ्रॉकमध्ये असताना पाहिली आहे. आणि हा माणूस लाखो रुपयांच्या पियानोच्या तारांवर ऑफिसातली यू-पिन लावत होता! शिवाय पटाशी. शिवाय काचेची दांडी. यू-पिनने तार झणझणली आणि मी एकटीच हसले. क्रमसाहेबांना जवारी ठाऊक होती का कोण जाणे, पण जात तीच.

मधल्या भागांना पृथ्वीच्या भूवैज्ञानिक कालखंडांची नावं आहेत. त्यातल्या पहिल्यात समुद्रपक्षी ओरडतात. चेलोवालीने डाव्या हाताच्या बोटांतलं अंतर हलू न देता हात तारेवरून वरून खाली घसरवला, आणि खोलीत पक्षीच आले. इतक्या जवळून पाहूनही कळेना की कसं झालं. भाचीने कानात विचारलं, “मावशी, व्हेल कुठला?” म्हटलं, “सुरुवातीला फ्लूटवाली वाजवता वाजवता गात होती ना, तोच बहुतेक.” तिने मान डोलावली, पटलं नव्हतं.

आता तक्रार. या रचनेत तिन्ही वाद्यांना माइक लावायचे हेही क्रम यांनीच ठरवलेलं आहे, त्यामुळे माइक का लावले असं म्हणता येत नाही. पण साठ माणसांच्या खोलीत खांद्याएवढे दोन स्पीकर, तेही कोपऱ्यांत? माझ्यापासून दहा फुटांवर बसलेली बाई गज ओढते आणि सूर डावीकडच्या भिंतीतून येतो. डोळा एकीकडे, कान दुसरीकडे. शिवाय स्पीकरची बारीक घूं सतत चालू. आम्हाला तानपुऱ्याच्या चार तारा जुळवायला अर्धा तास लागतो, त्यानंतर कुणी अशी पाचवी तार फुकट लावून दिली तर राग येणारच.

शेवट तर सगळा शांततेवरच आहे. दहा सुरांची एक आकृती पुन्हा पुन्हा येते, हळू होत जाते, आणि शेवटची नुसती हाताने दाखवायची, आवाज न करता. घूं असताना हे कसं व्हायचं, या धास्तीने मी ऐकत होते. तेवढ्यात ध्वनीच्या टेबलावरच्या मुलाने, पोरगा विशीचाही नसेल, आपणहून खटका हळूच खाली ओढला. घूं गेली. खाली रस्त्यावर कुणी तरी शटर ओढलं. निळ्या प्रकाशात बोटं हलली, आवाज नाही. टाळ्या पडायला बराच वेळ लागला, आणि तेव्हा कुठे लक्षात आलं की माझा उजवा हात पर्सवर तानपुरा छेडल्यासारखा पंचम, जोड, जोड, खर्ज करत चालूच आहे.

या खोलीत कधी ऐकायला जाणार असाल तर दुसऱ्या रांगेत उजवीकडे बसा, पियानोच्या आतलं दिसतं आणि स्पीकर लांब पडतो. सुती कपडे घाला. भाषण सुरू झालं की जिन्यात जाऊन उभं राहता येतं, तिथे वारा आहे. निघताना त्या मुलाला थँक्यू म्हणायला गेले, तर तो वायरी गुंडाळत होता. म्हणाला, “मॅडम, ते स्कोअरमध्ये (लिहून दिलेल्या संगीतात) नव्हतं, मलाच कसंतरी होत होतं.”