अचानक बंद पडणारा जुना लॅपटॉप : दुकानात द्यावा की घरी तपासावा?

सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप काम करता करता एकदम बंद पडू लागला की समोर दोनच वाटा असतात. एक तर तो उचलून दुरुस्तीच्या दुकानात न्यायचा, नाही तर घरच्या टेबलावर बसून कारण शोधायचे. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे, आधी दुकान आणि मग घर अशा क्रमाने. माझा कल कोणीकडे झुकला आहे हे पुढे लपणार नाही, पण दुकानाच्या बाजूनेही बरेच बोलण्यासारखे आहे.

माझा लॅपटॉप लेनोवो कंपनीचा थिंकपॅड टी ४८०, म्हणजे २०१८ सालचे मॉडेल. कुठल्याशा कार्यालयात काही वर्षे राबून तो बाजारात आला आणि तिथून माझ्याकडे. चार महिने उत्तम चालला. त्यानंतर एका गुरुवारी दुपारी, देखभालीसाठी वीज बंद असताना, कोणतीही सूचना न देता पडदा काळा झाला. विंडोज कोलमडल्यावर दिसतो तो निळा पडदा आला नाही, पंख्याचा आवाज वाढला नाही, यंत्र आधी संथही झाले नाही. बटण दाबल्यावर ते चालू होईना. वीज आल्यावर चार्जर लावला तेव्हा काहीच घडले नाही अशा थाटात सुरू झाले.

दुकानाची जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती खरी आहे. दुकानात बदलून पाहायला सुटे भाग असतात. चार्जर, रॅम, बॅटरी एकेक करून दुसरी लावून पाहिली की पुष्कळ संशय तासाभरात फिटतात, आणि घरी आपल्याजवळ प्रत्येक वस्तू एकच असल्यामुळे नेमके हेच करता येत नाही. शिवाय मदरबोर्ड, म्हणजे आतले मुख्य सर्किट, किती विद्युतप्रवाह खेचतो हे त्यांना पॉवर सप्लायच्या काट्यावर दिसते, गरम हवेने डाग वितळवणारी हॉट एअर गन असते आणि बोर्डावरची एखादी आयसी (चिप) बदलण्याचा सरावही असतो. चार्जिंगचा पोर्ट हलत असेल, लॅपटॉपवर चहा सांडला असेल किंवा तो मुळीच चालू होत नसेल, तर घरी वेळ घालवू नये असेच मी म्हणेन.

अडचण आहे ती अधूनमधून येणाऱ्या बिघाडाची. दुकानात लॅपटॉप दिला की तो वातानुकूलित खोलीतल्या टेबलावर चार्जर लावून ठेवला जातो, त्यावर एखादा व्हिडिओ चालू करून दिला जातो आणि संध्याकाळी आपल्याला फोन येतो : "आमच्याकडे एकदाही बंद पडला नाही, घेऊन जा." हे वाक्य मी एकाच दुकानात तीनदा ऐकले. पहिल्या खेपेला त्यांनी काहीच केले नाही आणि पैसेही घेतले नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण मानायला हवे. दुसऱ्या खेपेला पंखा साफ करून प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, सातशे रुपये घेतले आणि विंडोजही नवीन टाकून दिली. ती मी मागितलेली नव्हती, आणि त्यापायी मराठी टंकलेखनाची माझी सगळी मांडणी पुन्हा करावी लागली. तिसऱ्या खेपेलाही लॅपटॉप तिथे दिवसभर शहाण्यासारखा चालला, तेव्हा "बोर्डचे काम निघेल, साडेसहा हजार धरा" असे सांगण्यात आले. न दिसलेल्या बिघाडासाठी साडेसहा हजार कशाच्या आधारावर, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. लॅपटॉप परत घेताना झाकणावर चिकटपट्टी लावलेली दिसली आणि तिच्यावर निळ्या शाईने, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, माझा पासवर्ड लिहिलेला होता. पासवर्डचे मी एक वेळ सोडून दिले असते. पण जो बिघाड त्यांच्यासमोर घडतच नाही तो ते दुरुस्त करणार कसा, हे कोडे काही सुटेना, आणि माझा निर्णय तिथेच झाला.

घरी मी पहिल्यांदा हातात घेतली ती वही. स्क्रू ड्रायव्हर पुष्कळ नंतर आला. लॅपटॉप बंद पडला की तारीख, वेळ, चार्जर लावला होता की नाही, पंखा जोरात होता का आणि बॅटरीचे चिन्ह शेवटचे किती टक्के दाखवत होते, एवढेच लिहायचे. तीन आठवड्यांत नऊ नोंदी झाल्या. नऊच्या नऊ वेळा चार्जर लावलेला नव्हता आणि टक्केवारी दरवेळी चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान होती. विंडोज स्वतः ठेवते त्या घडामोडींच्या यादीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ ही नोंद मिळते आणि ती पाहून पुष्कळजण हरखून जातात. पण यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, यापलीकडे ती काही सांगत नाही. कारण माझ्या वहीत होते.

टी ४४० पासून टी ४८० पर्यंतच्या या मॉडेलांत दोन बॅटऱ्या असतात, एक आत बसवलेली आणि एक मागच्या बाजूने काढता येणारी. आधी बाहेरची वापरली जाते आणि ती संपत आली की यंत्र आतल्या बॅटरीवर जाते. पडद्यावर दिसणारी टक्केवारी दोन्हींची मिळून असते. म्हणजे चाळीसच्या आसपास घडत होती ती नेमकी ही खांदेपालट, आणि आतल्या बॅटरीच्या खांद्यात भार पेलण्याची ताकद उरली नव्हती. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या विंडोजच्या खिडकीतून बॅटरीचा अहवाल (बॅटरी रिपोर्ट) काढला, तर आतल्या बॅटरीची मूळ क्षमता २४ वॉट-अवर आणि शिल्लक १४ अशी दिसली. कागदावर हे वाईट नव्हे, पण भार पडताच व्होल्टेज कोसळत असेल तर कागदावरचे चौदा काही कामाचे नाहीत. खात्रीसाठी बाहेरची बॅटरी काढून ठेवली, चार्जरही काढला आणि मोठा व्हिडिओ लावला. चौथ्या मिनिटाला यंत्र बंद. उलट बाजूची खात्री म्हणून चार्जर लावून दोन तास भरपूर ताण दिला. पंखा कुरकुरला, पण यंत्र टिकले.

हा दुसरा प्रयोग महत्त्वाचा आहे, कारण एकदम बंद पडणे म्हणजे तापणे असे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलेले असते. या पिढीच्या इंटेल प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस असते, आणि ती गाठली जाऊ लागली की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो. बंद पडण्याची पाळी त्यानंतर येते. त्यामुळे उष्णतेने बंद पडणारा लॅपटॉप बहुधा आधी गुरगुरतो, रेंगाळतो आणि मांडीला चटका देतो. बॅटरीमुळे बंद पडणारा यातले काहीच करत नाही. पंख्याची सफाई निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणत नाही. माझ्या भावाच्या लॅपटॉपमध्ये झडपेच्या आत धुळीचा नमद्यासारखा जाड थर निघाला होता, आणि तो चिमट्याने ओढून काढल्यावर बंद पडण्याचा त्रास खरोखरच थांबला.

बॅटरी बदलणे माझ्या अपेक्षेपेक्षा सोपे निघाले. विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या बायोस या सेटिंगमध्ये आतली बॅटरी निष्क्रिय करण्याची सोय आहे, ती आधी वापरावी आणि मगच खालचे झाकण काढावे. झाकणाचे स्क्रू सैल झाले तरी झाकणातच राहतात, हरवत नाहीत. कडेच्या प्लास्टिकच्या खिट्या मात्र हट्टी आहेत. मी मुदत संपलेले एटीएम कार्ड कडेत सरकवून एकेक सोडवली आणि दर खिटीच्या 'कट' आवाजाला काहीतरी तुटले असे वाटून थांबत राहिलो. तुटले काही नाही. नवी बॅटरी अठ्ठावीसशेला पडली. ती अस्सल असेल याची हमी ना दुकानात मिळते, ना घरबसल्या मागवताना; तेवढ्यापुरत्या दोन्ही वाटा सारख्याच.

घरच्या वाटेलाही खर्च आहे, आणि तो वेळेचा आहे. नोंदींचे तीन आठवडे माझ्याकडे होते, कारण माझे काम काही दिवस चार्जर लावून भागण्यासारखे होते. ज्यांना उद्याच परीक्षेला बसायचे आहे किंवा ज्यांचा लॅपटॉप चार्जरवरही बंद पडतो, त्यांना एवढा धीर धरता येईल असे वाटत नाही. बॅटरी फुगली असेल, म्हणजे टचपॅड वर उचलल्यासारखे वाटत असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर वापर आणि चार्जिंग दोन्ही थांबवून लॅपटॉप सरळ जाणकाराकडे द्यावा. तिथे एटीएम कार्ड वगैरे काही चालवू नये.

दुकानात जायचेच ठरले, तरी माझ्या मते आठवडाभर वही लिहून मगच जावे. नोंदींचे पान लॅपटॉपसोबत द्यावे, चार्जर न लावता चालवून पाहण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे, विंडोज न विचारता टाकू नये हे पावतीवर लिहून घ्यावे, आणि शक्य असल्यास पासवर्ड नसलेले वेगळे खाते तयार करून ठेवावे. चार्जर मुद्दाम घरीच ठेवावा. दुकानात चार्जर असतातच, पण तो लावण्यापूर्वी "तुमचा कुठे आहे?" असे कोणीतरी विचारते, आणि तेव्हा कारण पुन्हा एकदा सांगता येते.