खेळाडूची गोष्ट वाचावी की सामना सांगायला लावावा?

पाचवी-सहावीच्या वर्गाला मराठी शिकवताना आठवड्यात एखादाच तास मोकळा मिळतो. तो खेळाच्या वाटेनं लावायचा तर दोन मार्ग दिसतात. मी दोन्ही करून पाहिलेत.

गोष्टींसाठी नाशिककरांना लांब जावं लागत नाही. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवणारी कविता राऊत सावरपाड्याची. 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरलेला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचं काम, मग सैन्यात भरती आणि तिथे हातात वल्हं. मी फळ्यावर लिहिलं, ‘गावात पाणी नव्हतं, ____ तो नौकानयनपटू झाला.’ बहुतेकांनी ‘तरीही’ भरलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ‘म्हणून’ पण चालेल. पाणी असतं तर शेतीच केली असती ना!” पुढची वीस मिनिटं वर्ग दोन अव्ययांवरून भांडत होता. व्याकरणाच्या पुस्तकानं हे कधी घडवलं नव्हतं.

पण लिहायला सांगितलं की गोष्ट दगा देते. निम्म्या वह्यांत शेवटचं वाक्य एकच, ‘जिद्द असेल तर सर्व काही शक्य आहे.’ ते मुलांचं नसतं, आपणच वर्षानुवर्षं पढवलेलं असतं.

सामन्याच्या वर्णनात ही पळवाट नाही. कबड्डीची चढाई 30 सेकंदांची, तेवढाच वेळ एकानं बोलायचं. डस्टर हा माईक. पहिल्या दिवशी ऐकू आलं, “तो गेला, मग तो आला, मग तो आउट झाला.” तिसऱ्या आठवड्यात एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, “बोनस रेषेवर पाय टेकवून वळला, तेवढ्यात डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला, आता सुटतो कसला!” क्रियापदं अशी धावत येतात. घरी अहिराणी किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलांना तर हा मार्ग फारच मानवतो. सामना डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे चुकण्याची लाज विसरून ती बोलत सुटतात.

खो-खो झाल्यावर ‘कामात खो घालणे’ विचारून पाहा. खेळात खो दिला की बसलेला गडी उठून धावतो, मग वाक्प्रचारात त्याचा अर्थ अडथळा कसा? आमच्याकडे उत्तर आलं, “धावणाऱ्याला बसावं लागतं ना, सर!” भाषाशास्त्राला ते पटेल की नाही कोण जाणे, मला पटलं.

तोटे? गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गातून निरोप येतो. वाचन जवळजवळ होतच नाही. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, त्र्यंबक-इगतपुरीकडे तर विचारूच नका.

वर्तमानपत्रातल्या क्रीडा पानाचाही प्रयोग केला. धावफलकाचे आकडे आणि इंग्रजी शब्दच जास्त, या वयाला ते पान नको.

मुलं वाचताना अडखळत असतील तर गोष्ट घ्या, पण शेवटचा परिच्छेद झाकून. वाचतात पण बोलत नाहीत, अशी तक्रार असेल तर सामना. मला एकच निवडायला सांगाल तर मी सामना घेईन. जून ते सप्टेंबर मात्र दत्तू आणि कविता, दिवाळीनंतर डस्टर घेऊन मैदानात.