बांधा बघून जेवायचं की काम बघून?

परभणीच्या भाच्याला जिममध्ये सांगितलं, "तू एंडोमॉर्फ, म्हणजे गोलसर बांध्याचा. भाकरी बंद, तूप-बदाम वाढव." आता तो विचारतो, "मामा, सोडू का भाकरी?"

आधी पाया बघू. बांध्याचे हे तीन साचे (गोलसर एंडोमॉर्फ, पिळदार मेसोमॉर्फ, सडपातळ एक्टोमॉर्फ) अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४०च्या सुमारास मांडले, तेही माणसाचा स्वभाव ओळखायला. ताटाशी त्यांचा काय संबंध? काम, कंबरेचा घेर, रक्तातली साखर हे तरी मोजता येतं. २०१८ साली स्टॅनफर्डच्या अभ्यासात ६०९ जणांनी वर्षभर कमी फॅट (तेल-तुपातली चरबी) किंवा कमी कार्ब (भाकरी-भातातलं पिष्ट, साखर) खाल्लं; वजन दोन्हीकडं जवळपास सारखंच उतरलं.

खर्चाचं बोलायलाच नको. बदामाचा भाव विचारा अन् ज्वारीचा.

निभावणं? हुरड्याच्या दिवसांत शेतावर कार्ब कोण सोडतंय! शिवाय ग्रॅमभर फॅटमध्ये ९ कॅलरी, कार्बमध्ये ४. शेंगदाण्याच्या चटणीवर करडई तेलाची धार धरतो ना आपण, हिशेब तिथं चुकतो.

रानात राबणाऱ्याला तीन भाकरी खुशाल चालतील. बैठं काम असेल तर दीड, सोबत उसळ-वरण जास्त. शुगर असेल तर डॉक्टरांना विचारूनच. भाचा दिवसभर गल्ल्यावर बसतो. त्याला दीड पुरे, बदाम राहू दे.